चुनेवाल्या पास्कूचा तांब्या

आपल्या पणज्यांचे पणजे रांगत होते, तेव्हाची ही गोष्ट. खाडीकाठच्या शिंपवाडीत पास्कू नावाचा चुनेवाला राहायचा. शिंपल्यांचा एक थर, लाकडांचा एक थर, अशी भट्टी रचायची, पेटवायची आणि चुना पाडायचा, एवढंच त्याला ठाऊक. थोरली बहीण जुआनाबाय सोडली तर त्याचं म्हणावं असं कोणी नव्हतं.

एका उन्हाळ्यात किल्ल्यावर नवा सुभेदार आला. गावात क्रूस दिसता कामा नये, असा त्याचा हुकूम. रविवारी भर प्रार्थनेत शिपायांनी चर्चची दारं बाहेरून बंद केली. आत चाळीस माणसं, त्यात जुआनाबायही. मग त्यांनी वेशीवरचा सागवानी क्रूस उपटला आणि पास्कूच्या भट्टीपुढे आणून टाकला.

"काय रे चुनेवाल्या, तुझा देव सरपणाला तरी येतो का बघू! तुझ्या हातानं जाळ. नाहीतर चर्च पेटवतो, माणसांसकट," एक शिपाई ओरडला.

पास्कूनं क्रूस भट्टीत रचला. पेटवला.

दारं उघडली. जुआनाबाय धावत आली, तर क्रुसाचा एक हात भट्टीबाहेर, धडधडा जळतोय. ती किंचाळली, "मेल्या, आईनं तुला दूध पाजलं का विष? या गावात तुला पाण्याचा थेंब मिळायचा नाही!"

"तुम्ही सगळी बाहेर आलात ना, बाय?" एवढंच तो बोलला.

का केलंस, हे कोणी विचारलं नाही. गावानं त्याला विहीर बंद केली. तो भट्टीपाशीच बसून राहिला.

भट्टी निवल्यावर शिपायांनी तो चुना नेऊन किल्ल्याचा दरवाजा लिंपला. असं म्हणतात, सकाळी ओल्या गिलाव्यावर माणसाएवढा क्रूस उमटला. खरवडला, पुन्हा उमटला. तिसऱ्यांदा गवंड्यांचे हातच उठेनात. असं म्हणतात, त्याच दुपारी सुभेदार घोड्यावर बसला, तो पुन्हा त्या मुलखात दिसला नाही.

किल्ल्यावरचा भिवा गवंडी धापा टाकत शिंपवाडीत आला. "जुआनाबाय, कुठाय तुझा भाऊ? पाया पडू दे त्याच्या."

"त्याचं नाव काढू नको."

"अगं, तुम्हाला जिवंत जाळणार होते! शिपायांच्याच तोंडून ऐकलं मी."

जुआनाबाय तांब्या घेऊन धावली. पास्कू भट्टीला टेकून बसलेला, अंगभर चुना, ओठ फुटलेले. तिनं तांब्या तोंडाला लावला. पाणी ओठांवरूनच ओघळून गेलं.

ते जिथं सांडलं तिथं, खाऱ्या जमिनीत, गोड झरा लागला, असं म्हणतात.

आजही ईस्टरआधीच्या उपासाच्या शेवटच्या शुक्रवारी शिंपवाडीत क्रुसापुढे कोणी आधी गुडघे टेकत नाही. झऱ्यावर पास्कूच्या नावानं तांब्या भरायचा, ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याच्या दारी जायचं, आणि तो पाणी पिईपर्यंत उभं राहायचं. कोणी कोणी दिवस मावळेपर्यंत उभं असतं.