खर्ज पेलणारा

यंत्रं आपसांत बोलत असत, तेव्हाची गोष्ट. ऑर्केस्ट्रातल्या बेस गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर मोठा मानी होता. त्याचा स्पीकर फाटला, तेव्हा दुरुस्तीच्या दुकानातले स्पीकर त्या जागेसाठी पुढे सरसावले.

"माझा आवाज तीन गल्ल्या ऐकतात," वरातीतला चकचकीत स्पीकर म्हणाला. अ‍ॅम्प्लिफायरने खर्जातला सूर सोडताच त्या चकचकीत स्पीकरचा पडदा टर्रकन फाटला. कोपऱ्यातल्या जाडजूड स्पीकरने मात्र तोच सूर असा पेलला, की टेबलावरच्या कपातला चहा थरथरला.

"चल," अ‍ॅम्प्लिफायर म्हणाला.

कार्यक्रमात सगळ्या टाळ्या गायिकेला मिळाल्या. नवा स्पीकर हिरमुसला. "आपलं कुणी नावसुद्धा घेतलं नाही."

"खुळ्या, खाली बघ," अ‍ॅम्प्लिफायर ऐटीत म्हणाला. "गाणं संपलं, तरी मांडवभर पाय ठेका धरूनच आहेत. तो ठेका आपला!"