न चिरडलेले लिंबू

एके काळी एका संस्थानिकांच्या मोटारखान्यात दोन जुन्या अमेरिकन गाड्या नांदत होत्या. लाल गाडी रोज घाट चढे. पांढरीने चाळीस वर्षांत गावची वेससुद्धा क्वचितच ओलांडली होती. दसऱ्याला मानाचा हार कोणाला, यावरून दोघींत वाद पेटला.

"अगं, अंगभर पोचे मिरवत हार मागतेस?" पांढरी म्हणाली. "माझा रंगसुद्धा मूळचा आहे. माझ्यासारख्या जगात तीनच उरल्यात!"

"खरं आहे, ताई. पण घाटात मला अजून कोणी गाठत नाही," लाल म्हणाली.

हार पांढरीलाच मिळाला. पूजा झाल्यावर प्रथेप्रमाणे दोघींच्या चाकांखाली लिंबू ठेवले. लाल गाडी ते चिरडून देवीच्या दर्शनाला निघायला दारात येऊन थांबली. चालक पांढरीत बसणार, तोच मालक घाईने म्हणाले, "अहो, हिला हलवू नका! टायरला डाग पडला तर किंमत उतरेल."

त्यांनी तिच्या चाकाखालचे लिंबू स्वतः उचलून तबकात ठेवले आणि ते लाल गाडीत जाऊन बसले.

पांढरी हार घालून तिथेच उभी राहिली. आपल्याकडे कोणी पाहू नये, असे तिला जन्मात प्रथमच वाटले.