नावाचे हंस

"मग दूध आणि पाणी वेगळं करणारा हंस गेला कुठे, बाबा?"

भालचंद्राचा आवाज मठाच्या ओसरीवर घुमला. काशीला नऊ वर्षं शास्त्रं घोकून आलेला शिष्य, राग सदा नाकावर बसलेला.

रामगीरबाबा वाती वळत राहिले.

"नाव मात्र सगळीकडे! बारवेच्या ओल्या भिंतीत पाला उगवतो, त्याला म्हणायचं हंसराज. तो तर जन्मभर पाणीच पितो! आभाळात दहाबारा चांदण्या, तोही हंसच. देवळाच्या जोत्यावर दगडी हंसांची रांग, समईच्या टोकावर पितळी हंस. एकाला तरी दूध कळतं का? कुणीही उठावं आणि ते नाव लावावं!"

"समईवर रागावलास होय रे?"

"हिच्यावर रागावलोय!"

पायरीशी गोजराबाई उभी होती, मठात रोज दूध आणून देणारी. हातातला तांब्या पदराआड गेला.

"काल तापवलं तर धड सायसुद्धा धरली नाही. निम्मं पाणी! देवाच्या दारात लबाडी? उद्यापासून हिचं दूध नको, बाबा. निदान या मठात तरी दूध ते दूध असू दे!"

"असं नका हो करू, महाराज..." गोजराबाई एक पायरी वर आली. "लेक बाळंतपणात वाचली तेव्हा बोलले होते, वर्षभर रोज भरला तांब्या देईन. आता चारच दिवस राहिलेत, अन् म्हैस आटत चालली. भरला म्हटलं होतं... अर्धा कसा आणू?"

"म्हणून पाणी? नवसात पाणी! ऐकलंत, बाबा?"

बाबांनी वाती खाली ठेवल्या. हात पुढे केला. गोजराबाईनं भीतभीत तांब्या दिला.

त्यांनी तो उंच धरला. धार तोंडात पडू लागली... पडत राहिली... शेवटचा थेंबसुद्धा सोडला नाही. मग मिशा पुसून रिकामा तांब्या तिच्या हातात ठेवला.

"उद्या ये, माय. असाच भरून आण."

डोळ्यांना पदर लावत ती पायऱ्या उतरली. भालचंद्र बाबांपुढे येऊन उभा राहिला.

"बाबा! अहो, निम्मं पाणी होतं त्यात!"

"होतं ना..." बाबांनी पुन्हा वात हातात घेतली. "मी निम्मंच प्यायलो."