गोजाईने शीव राखली

लई जुनी गोष्ट, ऐका. डोंगरांच्या बेचक्यात पाच गावांचं कुसवडे खोरं होतं. त्याला ना राजा, ना फौज. एक नाईक होता, तोही स्वतःचं शेत स्वतःच नांगरायचा. शेजारी मात्र बलाढ्य राज्य. त्या राजाने सगळा मुलूख गिळला होता आणि हा एवढासा घास राहिला म्हणून त्याला झोप लागत नव्हती.

एका चैत्रात त्याचा सरदार पाचशे स्वार घेऊन आला. म्हणाला, "तुमची शीव दाखवा. दाखवता आली नाही, तर खोरं आमचं."

तेव्हाची रीत अशी, की डोक्यावर शिवेच्या मातीचं ढेकूळ घ्यायचं आणि अवाक्षर न बोलता सूर्य मावळेपर्यंत चालायचं. पाऊल पडेल ती शीव. ही रीत मोडायला राजाही भ्यायचा, कारण त्याच्याही शिवा अशाच ठरल्या होत्या. नाईकाने गोजाईला बोलावलं. सत्तरीची म्हातारी, जन्मभर शिवेवर शेळ्या चारलेली.

"जमंल का, आजी?"

"चालायचं काय न्हाई रं. गप ऱ्हायचं तेवढं अवघड हाय."

सकाळीच ती ढेकूळ डोक्यावर घेऊन निघाली. दुपारी ऊन रणरणलं. सरदाराने बाहेरच्या अंगाने येऊन तिच्यावर राजाचं छत्र धरलं. "आजी, सावलीत चला. आम्ही काय परके?"

बोलणं गोड, डाव जहरी. छत्राखाली जो चालला तो राजाची रयत झाला, त्याची भुईसुद्धा. गोजाईला ते कळत होतं, पण ओरडायची सोय नव्हती. त्यात तिचीच विहीर समोर आलेली, तिने आणि नवऱ्याने हातांनी खणलेली. शीव विहिरीच्या पल्याडून जायची. छत्र टाळायचं तर आत सरकायला हवं, आणि सरकलं की विहीर गेली.

गोजाई आत सरकली. विहीर गेली.

छत्र पुन्हा डोक्यावर आलं. असं सरकत राहिली असती, तर खोरंच उरलं नसतं. पुढे ऐन शिवेवर करवंदीची दाट जाळी होती. सगळे तिला वळसा घालत. गोजाई सरळ आत घुसली. छत्राचं रेशीम टराटरा फाटलं. असं म्हणतात, काट्यांनी तिला सोलून काढलं, पण ढेकूळ हललं नाही. असंही म्हणतात, ती बाहेर निघाली तेव्हा त्या ढेकळाला हिरवा कोंब फुटला होता. खरंखोटं देव जाणे, स्वार मात्र तो पाहून मागे फिरले.

मावळतीला तिने ढेकूळ खाली ठेवलं आणि तोंड उघडलं. "पानी द्या रं कुनीतरी. माजी हीर पल्याड गेली."

नाईक ढसाढसा रडला आणि स्वतः हंडा घेऊन धावला.

तिचं पाणी आता आपण भरायचं, असं ठरवून गावाने त्या घराला दुसरी विहीर खणू दिली नाही. आजही पाचही गावांत पाळी लागते, आणि सकाळचा पहिला हंडा गोजाईच्या दारात रिता झाल्याशिवाय खोऱ्यात कुणी पाण्याला तोंड लावत नाही.