एक ओवी जास्त

“पण बुवा, यातलं आपलं नेमकं किती?”

चिंतामण छापखान्यातून आलेले कच्चे कागद मांडीवर घेऊन बसला होता. लिंबराजबुवांनी तरुणपणी रचलेली पोथी पहिल्यांदाच छापली जात होती, आणि ती शुद्ध करण्याचं काम चिंतामणाने मागून घेतलं होतं.

“तीन मठांतून नकला आणल्या. एकीचा मेळ दुसरीशी नाही. उतरवणाऱ्यांनी मनाला येईल ते घुसडलंय. मी ते सगळं काढून टाकलं.”

बुवा हसले.

“चातुर्मासात या ओसरीवर पाचसहा जण उतरवायला बसायचे. दिवसभर बोरूंची कुरकुर... मठात दुसरा आवाज नसायचा. वाच.”

चिंतामण मातृमहिम्याचा अध्याय वाचू लागला. मध्येच बुवांनी हात वर केला.

“इथं एक ओवी होती.”

“ती आपली नव्हती. जुन्या प्रतीत सापडत नाही.”

“म्हण.”

चिंतामणाला ती पाठ होती.

“माय गेलिया हे घर । जैसे रिकामे मंदिर । देव नाही परी दार । उघडे राहे ॥”

बुवांनी उपरण्याने डोळे पुसले.

“दामोदरची. त्याची आई गेल्याचा निरोप आला, तेव्हा तो हाच अध्याय उतरवत होता. घरी जाऊन आला, पुन्हा बसला... आणि ही एक जास्त आली.”

“आपण रागावला नाहीत?”

“त्या एकादशीला कीर्तनात मीच म्हटली. बायाबापड्या रडल्या. मला म्हणाल्या, बुवा, काय लिहिलंत.”

“मग आपण काय सांगितलंत?”

“दामोदर समोर टाळ धरून बसला होता. त्याने नको म्हणून मान हलवली... मी गप्प राहिलो.”

चिंतामणाने दौत पुढे ओढली. काट मारलेली ती ओवी त्याने कागदावर पुन्हा लिहिली.

“पण मुखपृष्ठावर एक नाव हवंच, बुवा. त्याशिवाय छापत नाहीत. कुणाचं घालू?”

बुवांनी कागद हातात घेतला. ओळी या कडेपासून त्या कडेपर्यंत खेटून बसल्या होत्या. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला.

“कुणाचंही घाल. समास तेवढा रुंद ठेव... एखादी ओवी मावेल इतका.”