वैराग्याचं वजन

"मग आज्ञा का देत नाही, बुवा?"

विद्याधराने हे तिसऱ्यांदा विचारलं.

मठाचे गुरू रेवणबुवा पारावर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विद्याधर हा मठातला सगळ्यांत हुशार शिष्य. येऊन अकरा वर्षं झाली होती. त्याचं निरूपण ऐकायला नदीपलीकडून माणसं होडीने येत. पण गेले सात महिने त्याने निरूपणाला तोंड उघडलं नव्हतं. खोलीत पडून असे. लोक म्हणत, महाराज मौनात गेले. त्यालाही तसंच वाटू लागलं होतं.

"कशाची आज्ञा?"

"देह ठेवायची. आता मिळवायचं काही उरलं नाही. परवा आई गेल्याचं पत्र आलं. वाचलं, घडी घातली. आत काही हललं नाही. यालाच वैराग्य म्हणतात ना?"

"झोप लागते?"

"पहाटेच जाग येते."

"आणि मग?"



"मग... छातीवर जातं ठेवल्यासारखं होतं. उजाडूच नये असं वाटतं."

"वैराग्याला वजन नसतं, विद्या."

विद्याधराचा चेहरा ताठ झाला.

"तुम्ही त्या अवस्थेला पोचला नाहीत, बुवा. म्हणून तुम्हाला कळत नाही."

...

बुवांनी सूप बाजूला ठेवलं. आत गेले. परत आले ते गोळ्यांचं पाकीट घेऊन. अर्ध्या गोळ्या संपलेल्या. त्यांनी ते विद्याधराच्या तळहातावर ठेवलं.

"कुणाच्या?"

"माझ्या. नऊ वर्षं झाली."

"कशावरच्या?"

"तुझ्या त्या अवस्थेवरच्या."

विद्याधराने हात झटकला. पाकीट मातीत पडलं.

"गुरूच गोळ्या खातो? मग आम्हाला इतकी वर्षं शिकवलंत ते काय?"

बुवांनी वाकून पाकीट उचललं. धोतराच्या सोग्याने पुसलं.

"काशिनाथ आठवतो?"

"आठवतो. आजाराने गेला."

"आजारानेच गेला. मी आजार ओळखला नाही. तुझ्यासारखंच बोलायचा. मी म्हणालो, जप वाढव. त्याने वाढवला. माझा शब्द त्याने कधी मोडला नाही... बाराव्या दिवशी त्याने जीव दिला. तेव्हाही माळ गळ्यात होती."

विद्याधर पारावर टेकला.

"त्यानंतर मीच अंथरुणावरून उठेनासा झालो. टपालवाल्या शंकरने दवाखान्यात नेलं. तुम्हाला सांगितलं, गुडघ्याचं औषध आहे. खोटं बोललो. लाज वाटली मला."

...

"आज्ञा हवी होती ना? देतो. चपला घाल."

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात दोघं बाकावर नंबर लावून बसले. गावातला एकजण ओळखून पायाशी वाकला.

"बुवा, तुम्ही इथं?"

"मनाच्या डॉक्टरकडे आलोय," बुवा सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. "आम्ही दोघंही."

विद्याधराने उपरणं तोंडावर ओढलं.

डॉक्टर तांबोळी वयाने लहान होत्या. त्यांनी सरळ विचारलं, "मरून जावंसं वाटतं का?"

इतकी वर्षं लोक त्याला मोक्षाबद्दल विचारत आले होते. हे कुणी विचारलं नव्हतं. त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याला हुंदका फुटला. डॉक्टरबाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. घाई केली नाही.

पहिलं औषध मानवलं नाही. हात थरथरत, दिवसभर डोक्यात धुकं. "बघा, सांगितलं होतं," तो बुवांवर ओरडला. बुवा त्याला घेऊन पुन्हा गेले. औषध बदललं. दर मंगळवारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंपुढे बसून बोलायचं ठरलं. त्या दिवसांत बुवांनी आपलं अंथरूण त्याच्या खोलीत आणून टाकलं.

"तो विचार आला, की आधी मला हाक मार," एवढंच म्हणाले.

त्याने दोनदा हाक मारली.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी उजाडलं आणि विद्याधराला त्या उजाडण्याचा राग आला नाही. एवढंच.

निरूपणाला मात्र माणसं येईनाशी झाली. गोळ्यांचे महाराज, असं बाजारात नाव पडलं. होड्या बंद झाल्या. रविवारी चार बायका आणि एक निवृत्त शिक्षक येत. विद्याधर त्यांच्यापुढे बोले. कधी मध्येच वाक्य विसरे.

वर्ष गेलं.

एके दिवशी बुवा उठले नाहीत. गोळ्या चालू होत्या, तरी त्यांचे असे दिवस येत. भिंतीकडे तोंड करून पडले होते. विद्याधर पेज घेऊन आला. वाटी तशीच निवत राहिली.

"बुवा... एक विचारू?"

विद्याधर अंथरुणाच्या कडेला बसला.

"हल्ली आत थोडं शांत वाटतं. रोज नाही. पण वाटतं. ही शांती माझी, की गोळीची?"



मग चादरीतून एक हात बाहेर आला.

"उठव."

विद्याधराने हात धरला. दुसरा हात पाठीखाली घातला. सगळा भार अंगावर घेतला. बुवा कसेबसे उभे राहिले. भार विद्याधरावरच होता.

"माझ्या प्रश्नाचं उत्तर?"

"तुझ्या आधाराने का होईना, उभा आहे ना मी?"