येसूचं तळं

कातळवाडीच्या वर, पठाराच्या कडेला हे तळं आहे. पाणी स्वच्छ, पण इथे कुणी पोहत नाही. गुरंसुद्धा खाली ओढ्यावर नेतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगायचं, नाहीतर गावाला हे सांगायला आवडत नाही.

फार मागे इथे धाकू नावाचा कुणबी राहायचा. त्याची धाकटी बहीण येसू बाळंतपणाला माहेरी आली आणि बाराव्या दिवशी तिचं मूल गेलं. तिने अन्न सोडलं. रिकामा पाळणा झुलवायची, मध्येच किंचाळायची. धाकूचा जीव तिच्यात होता. वैद्य म्हणाला, पित्त डोक्यात चढलंय, आणि त्याने आठ दिवस जुलाब दिले. जोशी म्हणाला, मागच्या जन्मीचं पाप, आणि त्याने उपास सांगितले. शेवटी भगताने बाहेरचं आहे असं ठरवलं आणि तिला तळ्यावर आणायला सांगितलं. तिघांत लबाड कुणीच नव्हता, हेच वाईट.

वाटेत येसू म्हणाली, "दादा, माझं दूध थांबत नाय रे. पोर गेलं, तरी अंगाला कळत नाय."

"ती नाय बोलत, तिच्यातलं बोलतंय," भगत म्हणाला. धाकूने भगताचं ऐकलं.

शंभर मोजेपर्यंत पाण्याखाली धरायचं होतं. धाकूने स्वतःच्या हातांनी धरलं. ती झगडली तेव्हा भूतच झगडतंय म्हणून त्याने जोर वाढवला. साठाच्या सुमारास ती शांत झाली. काठावरची माणसं म्हणाली, उतरलं. धाकूलाही हायसं वाटलं. पुढचे चाळीस आकडे त्याने आनंदाने मोजले, असं सांगतात.

त्यानंतर तो घरी गेलाच नाही म्हणे, या काठावरच राहिला. पुढे भगत दुसऱ्या एका बाईला घेऊन आला, तेव्हा धाकूने त्याचा दंड धरला. "आधी तू जा. शंभर मी मोजतो."

भगत अकराला ठसकत वर आला. बाईला मग कुणी पाण्यात घातलं नाही. धाकू तिच्याजवळ बसला आणि तिला काय होतंय ते त्याने तिलाच विचारलं.

आजही गावात कुणाचं मन बिघडलं, की आधी त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकतात. मग जो उपाय सांगेल, त्याने तो पहिल्यांदा स्वतःवर करायचा, वैद्य असो की देवऋषी. माणूस बरा होतोच असं नाही. पण येसूनंतर इथे कुणी आपल्याच माणसाच्या हातून मेलेलं नाही.